ओळखीचा ट्रम्पेटवाला

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. भीमराज. त्यासाठी मला उखाणा लागत नाही. आम्ही घाटकोपरच्या एकाच गल्लीत वाढलो, एकाच नळावर भांडलो, त्यामुळे लग्न झाल्यावर एकदम ‘अहो’ म्हणायला जीभच वळेना. सासूबाई होत्या तोवर चिडायच्या. “शके, चार लोकांत तरी लाज राख गं,” म्हणायच्या. भीमराज हसायचा. “राहू दे आये. ही अहो म्हणाली की मला वाटतं आपलं काहीतरी चुकलंय.”

तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. छत्तीस वर्षं झाली. बँडचे कोट मी शिवते. लाल कपडा, सोनेरी फीत, खांद्यावर झालर, सगळं माझ्या मशीनवरचं. एका सीझनमध्ये घामानं आणि हळदीनं त्या कोटांची पार वाट लागते, की मी परत बसते शिवायला. लोक वरातीत नवरदेव बघतात, मी बँडवाल्यांच्या पाठी बघते, शिवण कुठं उसवलीय ती.

तो बँडमध्ये कसा गेला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याचे वडील देवनारच्या कत्तलखान्यात कामाला होते. किती आंघोळ केली तरी अंगाचा वास जायचा नाही. टपरीवाला त्यांना चहाचा ग्लास हातात द्यायचा नाही, फळीवर ठेवायचा. भीमराज बारा वर्षांचा होता तेव्हा ते गेले. तिरडी गल्लीतनं मोठ्या रस्त्याला लागली आणि समोरनं वरात आली. घोडा, नवरदेव, नाचणारी पोरं, बँड एकदम जोरात. बँडच्या मास्तरनं तिरडी बघितली आणि हात वर केला. गाणं अर्ध्या ओळीत तुटलं. चौदा जण रस्त्याच्या कडेला सरकले, वाद्यं खाली केली, टोप्या काढून छातीशी धरल्या. नवरदेवाचा मामा ओरडायला लागला, “ए वाजवा रे, मुहूर्त टळतोय!” मास्तर शांतपणे म्हणाला, “मुहूर्त दुसरा मिळंल. हा माणूस परत ह्या रस्त्यानं जायचा नाही.”

ते भाऊमास्तर. भीमराज आजही हे सांगताना थांबतो. “शके, माझ्या बापासमोर जन्मात कुणी टोपी काढली नव्हती. त्या दिवशी चौदा जणांनी काढली, आणि तीपण वर्दीतल्या माणसांनी.” अठराव्या वर्षी तो भाऊमास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला घ्या. वाजवता काय येतं, तर शिट्टी. तरी मास्तरांनी घेतलं.

मास्तर गेले, बँडची पोरं बदलली, पण तो नियम काही बदलला नाही. समोरनं मयत आली की वाजवायचं नाही. टोपी काढायची, मयत पुढं जाईपर्यंत गप उभं राहायचं. आमची तेजल सहा वर्षांची होती तेव्हा मी तिला घेऊन एका वरातीच्या मागं चालले होते. मयत आली. बँड थांबला. ही चिमुरडी, डोक्याला टोपी नाही, म्हणून तिनं केसांतला हेअरबँड काढला आणि छातीशी धरून उभी राहिली. बँडमधली सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. भीमराजनं त्या रात्री मला तीनदा तेच सांगितलं, जसं काही मी तिथं नव्हतेच.

आता भीमराजच्या खोडी ऐका. एक, त्याला बसून वाजवता येत नाही. जन्म चालत वाजवण्यात गेला. खुर्चीत बसवला की त्याचा श्वास पोटातच अडकतो. दोन, हळू वाजवणं माहीत नाही. रस्त्यावर हॉर्न, फटाके, नाचणाऱ्यांच्या बोंबा, त्यात हळू वाजवून काय करणार? घरी सराव करायचा तर मी ट्रम्पेटच्या तोंडात माझा टॉवेल कोंबते. तीन, आणि ही खोड नाही, ही त्याची कमाई आहे. त्याचे डोळे कायम समोर असतात. घोडा अडला की गाणं लांबवायचं, सिग्नल सुटला की ओळ तोडायची, मांडवाच्या दारात नेमकं संपवायचं. घोडा पुढं गेला की गाणं कुठून उचलायचं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. मी म्हणते, एवढं लक्ष घरात दिलं असतंस तर गॅसवरचं दूध कधी उतू गेलं नसतं.

तेजलचं संगीत बापाकडूनच आलं, पण ट्रम्पेट तिला नको होता. तिनं व्हायोलिन धरलं. अंधेरीला एक म्हातारे ख्रिश्चन सर शिकवायचे. दर रविवारी सकाळी भीमराज तिला बसनं घेऊन जायचा, बाहेर बाकड्यावर दीड तास बसायचा आणि मग परस्पर वरातीला पळायचा. दहा वर्षं हे चाललं. पोरगी शिकली. आज अंधेरीच्याच एका शाळेत व्हायोलिन शिकवते. झकास वाजवते हो, आई आहे म्हणून म्हणत नाही.

पण दहावीच्या आसपास कुठंतरी ती वरातीच्या मागं चालायची बंद झाली. मग दुसऱ्या फुटपाथवरनं जायला लागली. कुणी विचारलं पप्पा काय करतात, तर म्हणायची, “म्यूझिक लाइनमध्ये आहेत.” मला समजत होतं. भीमराजलाही समजत होतं. तिच्या मैत्रिणी येणार असल्या की तो स्वतःच लाल कोट दांडीवरनं काढून पेटीत ठेवायचा. ते बघून मी भांडी आपटायचे. दुसरं काय करणार!

तर ह्या वर्षीची गोष्ट. तेजलला एका ऑर्केस्ट्रात जागा मिळायची होती. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत गाणी म्हणतात तो नाही. बावीस वादक, काळे कपडे, पुढं कागद, आणि मध्ये काठी घेऊन पद्मजा मॅडम. ह्या मॅडम शंभर वर्षांपूर्वीचे मुके सिनेमे शोधून काढतात, त्यांना स्वतः संगीत लिहितात आणि पडद्यावर सिनेमा चालू असताना खाली बसून सगळे ते वाजवतात. मुलुंडच्या नाट्यगृहात शो होता. तेजल मागच्या रांगेत, अजून कच्ची. हा शो नीट झाला की मॅडम तिला पक्कं घेणार होत्या.

शोच्या दहा दिवस आधी त्यांच्या ट्रम्पेटवाल्याची दाढ सुजली. तोंड एवढं! फुंकायचं नाव नको. मॅडमनी सगळ्यांना विचारलं, कुणी आहे का? तेजल बोलून गेली, “आहेत एक.”

घरी आली ती दारातच घुटमळली. मग म्हणाली, “पप्पा, याल का तुम्ही? सूर तुमचा पक्का आहे. कागदावरचं मी तुम्हाला सारेगममध्ये लिहून देते.”

भीमराजचं तोंड असं उजळलं की काय सांगू. “येतो की! कधी जायचं?”

“पण पप्पा...” ती नखं बघायला लागली. “तिथं मी सांगितलंय, ओळखीचे आहेत म्हणून. म्हणजे, बापाला घुसवलं असं नको ना वाटायला. अजून माझंच पक्कं नाहीये. तर तिथं आपण... ओळखीचे. चालेल ना?”

माझ्या हातात कात्री होती. मी ती खाली ठेवली, कारण माझा भरवसा नव्हता. “काय गं ए,” मी म्हटलं, “बापाला घुसवलं म्हणून, की बाजेवाला बाप आहे म्हणून?”

“मम्मी, तू प्लीज मध्ये पडू नको ना यार.”

“मध्ये पडू नको? तुझ्या बापानं दहा वर्षं बाकड्यावर...”

“शके,” भीमराज म्हणाला. एवढंच. मग तेजलला म्हणाला, “चालेल. त्यात काय. भीमराज म्हणून हाक मार, मी ओ देईन. शब्द दिला तुला.”

मी रात्री जेवले नाही. दोघांनीही मला जेवायला बोलावलं नाही, कारण दोघंही मला ओळखतात. दुसऱ्या दिवशी मी काळा कपडा आणला आणि त्याच्यासाठी शर्ट शिवला. कॉलरच्या आतल्या बाजूनं मी बँडच्या कोटाची सोनेरी फीत लावली. बाहेरनं दिसणार नाही अशी. त्यानं घालून बघितला, मानेला फीत लागली तसा हात आत घालून चाचपली. मला एवढंच हवं होतं, की आपण कोण आहोत ते त्यानं विसरू नये.

तालमी अंधेरीला एका शाळेच्या हॉलमध्ये. पहिल्या दिवशी मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि व्हायचं तेच झालं, आवाज फुटेना. हा घामाघूम. मग म्हणाला, “मॅडम, उभा राहिलो तर चालेल?” उभा राहिला तर पाय चालायला लागले. शेवटी मॅडमनी त्याला मागच्या कोपऱ्यात जागा दिली, चपला काढून, जागच्या जागी पावलं टाकायची मोकळीक देऊन. आणि हळू वाजवायचं? ट्रम्पेटच्या तोंडात रुमाल. पोरं हसली म्हणे. पण तिसऱ्या दिवशी मॅडमनी हाताच्या नुसत्या बोटानं खूण केली आणि बावीस जणांत एकटा हा बरोब्बर थांबला. “तुमचं लक्ष फार छान असतं हो,” त्या म्हणाल्या. “कुठं वाजवता?” भीमराजनं तेजलकडं बघितलं नाही. म्हणाला, “म्यूझिक लाइनमध्ये आहे मॅडम.”

हे मला तेजलनंच घरी सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. चांगलं झालं. यायलाच पाहिजे होता.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ह्या सगळ्या तालमीत सिनेमा कुणी बघितलाच नव्हता. तो मॅडमच्या लॅपटॉपवर, त्यांच्यापुढं. बाकीच्यांपुढं कागद. शोच्या आदल्या दिवशी नाट्यगृहात पडद्यासकट तालीम ठेवली होती, पण अर्धा सिनेमा होतो न होतो तोच मशीन बिघडलं आणि हॉलची वेळ संपली. दुसऱ्या अर्ध्यात भीमराजला एकट्यानं वाजवायचं होतं. दीड मिनिट, सगळे गप, फक्त ट्रम्पेट. मॅडमनी त्याला सांगितलं होतं, हे संथ आहे, दुःखाचं आहे, आणि सगळ्या शोचा जीव ह्यात आहे. दुःख कशाचं, ते त्यानं विचारलं नाही. तेजलनं लिहून दिलेला कागद त्यानं आरशाला चिकटवला आणि दाढी करतानासुद्धा तेच गुणगुणत राहिला. सातव्या दिवशी मलाही पाठ झालं. सुंदर होतं.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचचा शो. ती दोघं दुपारीच गेली. वेगवेगळी गेली, ओळखीचे ना! मी मागनं एकटी बसनं मुलुंडला उतरले. तिकीट तेजलनं दिलं होतं, मागून चौथी रांग. तिथनं सगळं दिसत होतं. मोठा पडदा, त्याच्याखाली वादक, प्रत्येकाच्या कागदावर एक छोटा दिवा. मागच्या कोपऱ्यात भीमराज उभा, अनवाणी. त्याच्यापासून दोन हातांवर तेजल, केस वर बांधलेले, क्लचर लावलेला. बाप-लेक एकमेकांकडं बघत नव्हते. सूर चुकेल ह्याची भीती नव्हती मला. भीती ही होती, की सगळं नीट होईल, टाळ्या पडतील, आणि माझी पोरगी ‘थँक्यू भीमराज सर’ म्हणून बापाला निरोप देईल. एकदा जमलं की मग ते कायमचं जमतं.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. एक म्हातारा कासार होता त्यात, गावोगाव बायकांना बांगड्या भरत फिरणारा, आणि त्याची एक लहान नात. माणसं सगळी झटक्या-झटक्यानं चालत होती, त्याचं लोकांना हसू येत होतं. पण संगीत सुरू झालं तसं हसू कमी झालं. कासार बांगडी चढवताना बाईचा हात दाबायचा, तेव्हा व्हायोलिनं अशी बारीक वाजायची की माझ्याच मनगटाला काहीतरी झालं. मग जमीनदाराच्या पोरीचं लग्न निघालं. पडद्यावर वरात! घोडा अडला. माझा भीमराज कोपऱ्यात उभा, डोळे पडद्यावर, ओळ लांबवली, अजून लांबवली, घोडा हलला तशी सोडली. मॅडमनी काठी हलवता हलवता त्याच्याकडं बघून मान डोलावली. मी शेजारच्या बाईला सांगणार होते, तो बघा, तो माझा. मग आठवलं. तोंड मिटलं.

दुसऱ्या अर्ध्यात कासार आजारी पडला. नात त्याच्या उशाशी बसली. हळूहळू एकेक वाद्य थांबत गेलं. शेवटी फक्त एक व्हायोलिन, मग तेही थांबलं. मॅडमनी डावा हात उचलून कोपऱ्याकडं वळवला. आता त्याचं एकट्याचं. भीमराजनं ट्रम्पेट ओठाला लावला.

आणि पडद्यावर तिरडी आली.

चार खांदेकरी, मागं ती नात, बस. भर बाजारातनं चालले होते. दोन्ही बाजूंना दुकानं, लोक भाव करतायत, हसतायत, एक माणूस ऊस खातोय. जिनं कालपरवा ह्या म्हाताऱ्याकडनं बांगड्या भरल्या ती बाईसुद्धा वळून बघत नव्हती. तिरडी सरळ आमच्या तोंडावर येत होती.

भीमराजनं ट्रम्पेट खाली केला. कोपऱ्यात एक पाऊल मागं सरकला. उजवा हात डोक्याकडं गेला, टोपी काढायला. टोपी नव्हतीच. हात तसाच रिकामा छातीशी आला आणि तो उभा राहिला.

मॅडमचा हात हवेत. त्यांनी परत खूण केली. हा मान खाली घालून उभा. माझ्या मनात आलं, मेले! वाट लागली! पोरीची जागा गेली. दीड मिनिटाचा जीव होता म्हणे शोचा, तो ह्यानं खाली ठेवला. आणि ह्यात त्याची चूक होती असंसुद्धा मला म्हणता येईना. त्याच्यासमोर मयत होती. तो दुसरं काय करणार?

मागून कुणीतरी ओरडलं, “साउंड!” मुक्या सिनेमाला साउंड मागतोय! मी वळून म्हटलं, “गप बस रे, मयत चाललीय.” तो खरंच गप बसला.

मॅडम घाबरल्या होत्या, दिसत होतं. त्यांनी काठी व्हायोलिनच्या मागच्या रांगेकडं वळवली. म्हणजे तुम्ही उचला, काहीतरी वाजवा, भरून काढा. तेजलच्या शेजारच्या मुलानं व्हायोलिन खांद्याला लावलं. तेजलनं लावलं नाही. तिनं त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं. मॅडमकडं बघून नाही म्हणून मान हलवली. मग तिनं व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं, उभी राहिली, डोक्यामागं हात नेला आणि केसांतला क्लचर काढला. केस सगळे पाठीवर पडले. क्लचर छातीशी धरून ती उभी राहिली.

सगळ्या हॉलमध्ये ह्याचा अर्थ दोनच माणसांना कळला असेल. एक मी. आणि एक तो, पण त्याची मान खाली होती.

मी रडले. लपवून नाही, चांगली नाक ओढून रडले. शेजारच्या बाईनं रुमाल दिला. तिला वाटलं सिनेमामुळं.

तिरडी पडद्याच्या कडेला गेली. शेवटचा खांदेकरी गेला. नात गेली. बाजार तसाच चालू राहिला. मग चित्र बदललं, नदीचा काठ, ती पोर एकटी बसलेली, मांडीवर बांगड्यांची पेटी. भीमराजनं मान वर केली, ट्रम्पेट उचलला आणि वाजवायला लागला. पहिल्यापासून नाही. मला पाठ होतं ना, मला कळलं. जेवढं निघून गेलं तेवढं सोडून त्यानं मधनं धरलं, घोडा पुढं गेल्यावर धरतो तसं. रुमाल काढलेला होता, तरी हळू वाजवत होता. एवढं हळू मी त्याला छत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ओळ जिथं संपायची तिथंच संपली आणि सगळा ऑर्केस्ट्रा बरोब्बर जागेवर आत आला. तेजल खाली बसली होती, केस मोकळेच, आणि वाजवत होती.

टाळ्या खूप वेळ चालल्या. मी टाळ्या वाजवायला थांबले नाही. बाजूच्या दारानं आत गेले. कुणी अडवलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं, पण अडवलं नाही.

आत सगळे वाद्यं पेट्यांत भरत होते. भीमराज कोपऱ्यात चपला शोधत होता. मॅडम सरळ त्याच्याकडं आल्या. हसत नव्हत्या.

“भीमराज सर, काय झालं मघाशी? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे मॅडम. माफ करा. सवयीनं झालं. चित्र काय येणार ते मला माहीत नव्हतं.”

“सवयीनं म्हणजे? कसली सवय?”

सवय सांगायची तर बँड सांगावा लागणार, आणि पोरीला तर शब्द दिलेला. तो नुसता ट्रम्पेट पुसत राहिला. पुसलेलाच परत पुसत होता. मी पुढं व्हायला लागले, कारण मी काही कुणाला शब्द दिला नव्हता. पण तेजल माझ्या आधी आली.

“मॅडम, वरातीत समोरून मयत आली की आमच्या बँडमध्ये वाजवत नाहीत,” ती म्हणाली. “टोपी काढून उभे राहतात. मयत पुढं जाईपर्यंत.”

“आमच्या बँडमध्ये?”

“लग्नाच्या बँडमध्ये आहेत ते. छत्तीस वर्षं.” ती मॅडमकडं बघूनच बोलत राहिली. “मी खोटं बोलले मॅडम. ओळखीचे नाहीत. हे माझे पप्पा आहेत.”

बाजूची पोरं बघायला लागली. आणि आमचा हा बावळट, हा देवमाणूस, काय म्हणाला असेल? दोन्ही हात जोडून मॅडमना म्हणाला, “नाही मॅडम, नाही. ओळखीचाच आहे मी. पोरगी चांगल्या मनाची आहे, मला सांभाळून घ्यायला म्हणतेय. चूक माझी आहे. तिचं ह्यात काही धरू नका. तिला घ्या तुम्ही.”

मला वाटलं, ह्याला आत्ता इथं मिठी मारावी की चप्पल मारावी.

“पप्पा,” तेजल म्हणाली. तिनं त्याचे जोडलेले हात धरून खाली केले. “बास ना पप्पा. बास झालं.” आणि ती त्याच्या काळ्या शर्टात तोंड घालून रडायला लागली. त्याला कळेना हात कुठं ठेवावा. त्यानं आधी ट्रम्पेट माझ्याकडं दिला आणि मग दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले.

तेजलनं तोंड वर काढलं तसं मॅडमनी एकदा तिच्याकडं, एकदा भीमराजकडं बघितलं. मग म्हणाल्या, “नाकावरून कळायला हवं होतं मला.” जाता जाता मागं वळल्या. “पुढच्या महिन्यात बोरिवलीला शो आहे, दोघंही हवेत मला. भीमराजजी, असं काही असेल तर मला आधी सांगत जा हो. मी सगळ्यांनाच उभं केलं असतं.”

आम्ही तिघं बसस्टॉपवर आलो. तेजल पुढं उभी होती, एका हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्या हातात बापाच्या ट्रम्पेटची. द्यायला तयार नव्हती. भीमराज माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “शके, मी पोरीला दिलेला शब्द मोडला नाही ना गं?”

“तू नाही मोडलास,” मी म्हटलं. “तिनं मोडला.”

त्यानं थोडा विचार केला. मग कॉलरमध्ये बोट घालून फीत चाचपली आणि म्हणाला, “तिनं मोडला असेल तर मग ठीक आहे.”